पायरीच्या उंचीचा दोरा

४ जून

वहिनी,

मिशनच्या बोर्डिंग शाळेत दर रविवारी सिस्टर आम्हाला घरी पत्र लिहायला लावायच्या आणि पाकीट बंद करण्याआधी स्वतः वाचायच्या. ‘मी मजेत आहे’ हे वाक्य सक्तीचं होतं. आता तुझी सून फोनचा स्पीकर लावून शेजारी बसते आणि तू म्हणतेस, ‘हो हो, मजेत आहे.’ म्हणून फोन बंद. जन्मभर टेलिफोन खात्यात बसून मी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, मला त्या यंत्राचं कौतुक नाही. यापुढे पत्र. पाकीट तू स्वतः फोड.

दादा गेला तेव्हा तू मुलाकडे महिनाभर म्हणून गेलीस. तुझा महिना फार लांबला. इथे मी तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली. रंगारी म्हणाला, ‘कोण येणार आहे?’ मी म्हटलं, ‘माणूस.’ खोलीचा वास गेला, रंगही जुना दिसायला लागला, माणसाचा पत्ता नाही. मी रेडिओशी भांडते. तो उलट बोलत नाही, त्यामुळे मजा येत नाही.

दुसरी बातमी. मी जिममध्ये नाव घातलं. सहजच. काउंटरवरचा इसम म्हणाला, ‘आजी, तुमच्यासाठी गुरुवारचा वर्ग आहे. खुर्चीत बसून टाळ्या वाजवायच्या.’ मी म्हटलं, ‘टाळ्या वाजवण्यासारखं काही केलंस की वाजवीन.’ मग त्याने मला लिंबाएवढ्या वजनाचे दोन गुलाबी डंबेल दिले. ते त्याच्याच टेबलावर ठेवून मी आत गेले.

आत एक रुंद खांद्यांची, च्युइंगम चघळणारी बाई आहे. तिला मी मास्तरीण म्हणते. तिने वजन विचारलं नाही, वय विचारलं नाही. म्हणाली, ‘घरात काय जमेनासं झालंय?’ हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सांगायचं ते मी तिला सांगितलं. तुला सांगण्यासारखं त्यात काही नाही.

पण सिस्टरांनी अकरा वर्षं गुडघे जुळवून बसायला शिकवलं, आणि ही बाई पहिल्याच दिवशी म्हणते, ‘गुडघे फाकवा आणि मागे बसा.’ सिस्टर वरून बघत असतील तर त्यांनी तोंड फिरवावं.

कधी येतेस? होय किंवा नाही, एवढंच लिही.

तुझी नणंद

*

१५ जून

वन्सं,

पाकीट मीच फोडलं. सून म्हणाली, ‘वाचून दाखवू का?’ मी म्हटलं, ‘अक्षर ओळखीचं आहे, लागेल मला.’

होय किंवा नाही असं मला कुठे लिहिता येतं? तुमच्यासारखी मी शाळेत इंग्रजी बोलले नाही, त्यामुळे एका वाक्यात संपत नाही माझं. इथे कशाचीच कमी नाही. सून चांगली आहे हो. पाणी मागितलं की पाणी, नाही मागितलं तरी पाणी. मी उठायला लागले की दोघं धावतात, ‘आई, काय हवंय?’ खरं म्हणजे काही नको असतं, नुसतं उठायचं असतं. पण इतकी माणसं धावली की काहीतरी मागावंच लागतं. मग मी चष्मा मागते. तो बहुतेक वेळा डोळ्यांवरच असतो.

दुपारी दोघं कामावर जातात. मग घरात फ्रिजचाच काय तो आवाज.

खोलीचा रंग कोणता दिलात? लिफ्ट बसली की कळवा, दुसऱ्या दिवशी येते. आता खुर्चीतून उठतानासुद्धा कुणाचा तरी हात लागतो. विशेष काही नाही, वयच झालं.

आणि तुम्ही जड उचलू नका. काही मोडलं म्हणजे?

तुमची भावजय

*

२१ जून

वहिनी,

रंग फिका पिवळा. तुला निळा आवडत नाही हे दादाला चाळीस वर्षांत कळलं नाही, मला लग्नाच्या आठवड्यात कळलं होतं.

तर असं आहे! मी समजत होते तुला मी नकोशी झाले. नको झालाय माझा जिना. मग तसं सांगायचं होतंस. ‘येते येते’ कसलं करतेस?

‘वयच झालं’ हे वाक्य माझ्या डॉक्टरचं. गुडघा दाखवला, वयच झालं. खांदा दाखवला, वयच झालं. मग म्हणाला, रोज चाला. मी म्हटलं, ‘मी काय आजवर उडत होते?’ मास्तरीण म्हणते, पाळी गेली की बाईचे स्नायू आणि हाडं उतरणीला लागतात, ती नुसत्या चालण्याने राहत नाहीत. त्यांना ओझं द्यावं लागतं, पेलेल तेवढंच, आणि पेललं की थोडं अधिक. आपण मात्र बाईच्या हातातली पिशवी काढून घेतो आणि त्याला माया म्हणतो. मोडायची भीती तुला बसून राहिल्याने जास्त आहे.

आता ऐक. खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. तिच्यावर दोन उशा. हात छातीशी घे आणि उठ. जमलं की बस, पण धपकन नाही, जणू खाली झोपलेलं मूल आहे. दोन उशांवरून सहज जमायला लागलं की एक काढ. नंतर दुसरी. ही दुपारची शिकवणी, घरात कुणी धावायला नसताना. पण जवळ काहीतरी धरायला असू दे.

जिममध्ये प्रत्येकीचा व्यायाम वेगळा आहे. एक बाई नातीला कडेवर घेता यावं म्हणून वाळूची पिशवी उचलते. दुसरी बरणीचं झाकण उघडता यावं म्हणून टॉवेल पिळते. मला मास्तरणीने माझ्या पायरीची उंची मोजून आणायला सांगितलं आणि तेवढंच खोकं पुढ्यात ठेवलं. चढा, उतरा.

तोच दोरा तुलाही पाठवते आहे. गाठीपासून गाठीपर्यंत माझी पायरी. माझ्या दाराबाहेरची मोजली आहे, सगळ्या सारख्याच आहेत. दोऱ्याएवढं काहीतरी भक्कम शोध आणि चढायला लाग. तिसरा मजला म्हणजे हीच एक पायरी, पुन्हा पुन्हा.

नणंद

*

१२ जुलै

वन्सं,

दोऱ्याएवढी वस्तू घरात एकच निघाली. ह्यांच्या मोजणीच्या यंत्राची लाकडी पेटी! जन्मभर मोजणी खात्यात होते, आणि त्या पेटीला मला पुसायलासुद्धा हात लावू देत नव्हते. ‘हलवू नकोस, माप चुकेल.’ आता मी तिच्यावर उभी असते. खिडकीचा गज धरून चढते, उतरते. पहिल्या दिवशी पेटीवर उभी राहिले आणि रडूच आलं. दुःखाने नव्हे हो. खोली वरून कशी दिसते तेच विसरले होते. कपाटावर किती धूळ!

एक उशी काढली. दुसरी अजून आहे.

पकडले गेले मात्र. सून लवकर आली, आणि मी पेटीवर. तिने किंकाळी फोडली, त्या किंकाळीनेच पडले असते. रात्री बाळ समोर बसला. त्याचे वडील रागावले की पेन्सिल फिरवायचे, तसा चमचा फिरवत होता. ‘आई, हे आत्याने डोक्यात भरवलंय.’ मी म्हटलं, ‘डोक्यात नाही रे, मांड्यांत.’ सून हसली. तो नाही हसला.

मग मी सांगून टाकलं की मला तुमच्याकडे राहायला जायचंय. तो म्हणाला, ‘आत्याचा जिना कुणाच्या मदतीशिवाय चढून दाखव. मग मी अडवणार नाही. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.’ मी कबूल केलं.

तेव्हा दोऱ्यावर सगळं आलंय. तुम्ही नीट मोजलात ना?

तुमची भावजय

*

१८ जुलै

नीट मोजला. मला मोजता येतं.

बाळाला सांग, आत्याने तुझ्या डोक्यात एकदा काही भरवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा जागा सापडली नव्हती.

गज धरायचा हळूहळू सोड. आधी एक हात, मग एकच बोट.

*

१४ ऑगस्ट

वन्सं,

दुसरी उशी गेली. गजावर बोटही नाही. काल पाण्याने भरलेली बादली न्हाणीघरातून बाल्कनीपर्यंत नेली आणि झाडांना घातली. सून मागून चालत होती, पण हात पाठीमागे बांधून. तिला मी तशी शिस्त लावली आहे.

येत्या वीस तारखेला येते. बाळ कामात आहे, भाड्याची गाडी करून दिली आहे. ड्रायव्हर फक्त सोडणार. तुम्ही खाली उतरू नका, नाहीतर बाळ म्हणेल, आत्याने ओढून नेलं. चहाचं आधण मात्र ठेवा.

भावजय

*

२१ ऑगस्ट

वहिनी,

आधण आटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा आटलं.

सकाळपासून मी कठड्यावरून वाकून पाहत होते. शेजारीण दोनदा विचारून गेली, ‘काही पडलं का खाली?’ तुझ्या पलंगावर नवी चादर घातली होती. दुपारी ती माझ्याच डोळ्यांना बोचायला लागली, म्हणून काढून ठेवली.

संध्याकाळी माझा नियम मोडून फोन केला. तुझी सून म्हणाली, ‘आई झोपल्यात, फार दमल्यात.’ कशाने दमलीस? खुर्चीत बसून? यायचं नव्हतं तर तारीख कशाला दिलीस? नकार मला पचतो. बिनलग्नाची राहिले, नोकरी केली, कितीतरी नकार पचवले. वाट पाहणं पचत नाही.

नणंद

*

२ सप्टेंबर

वहिनी,

मागचं पत्र रागात लिहिलं होतं. हे रागात नाही. रोज टपालपेटी उघडते. त्यात चष्म्याच्या दुकानाची जाहिरात असते, तीही पुरती वाचते.

मी काही चुकीचं बोलले असेन तर तेवढंच लिही.

*

९ सप्टेंबर

वन्सं,

मी आले होते.

गाडी दारात थांबली तेव्हा तुम्ही कठड्याशी नव्हतात, आत आधण ठेवायला गेला असाल. ड्रायव्हरला म्हटलं, तू थांब, वर पोचले की खिडकीतून हात करते. काठी घेतली, जिन्याशी गेले. आणि पाहते तर पहिली पायरी तुमच्या दोऱ्यातली नाही. गुडघ्याला लागेल एवढी उंच. मला वाटलं पत्ता चुकला. वर पाहिलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या, माझ्या पेटीएवढ्या. हीच एक तेवढी नव्हती.

पाय उचलला, ठेवला. वर जाईना. दुसरा पाय लावून पाहिला. मांड्या लटलट कापायला लागल्या. तुमचा खालचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. भला माणूस. हात पुढे करून म्हणाला, ‘धरा बाई, लाजू नका. वरच्या टेलिफोनवाल्या बाईसुद्धा माझाच हात धरून चढतात. इथेच तर पडल्या होत्या ना त्या, उन्हाळ्यात. तासभर उठता येईना.’

मी त्याचा हात धरला नाही. मदतीशिवाय असं ठरलं होतं. त्याच्या दुकानात शटरच्या आत स्टुलावर बसले. तिथून तुम्ही दिसत होतात. कठड्यावरून वाकलेलं तुमचं डोकं. केस किती पांढरे झालेत. हाक मारली असती तर तुम्ही धावत आला असतात, त्याच पायरीवर. म्हणून नाही मारली; तुम्ही आत गेलात तशी गाडीत जाऊन बसले. शिंप्याला शपथ घातली, बाईंना सांगू नका.

ड्रायव्हरने बाळाला सांगायचं ते सांगितलं. बाळ रागावला नाही, वाईट बोलला नाही. नुसती ह्यांची पेटी उचलून माळ्यावर ठेवली.

तुमच्यावर रागावू कशी? पण तुम्ही पडलात, एकट्या पडून राहिलात, आणि मला लिहिलंत ‘सहजच नाव घातलं’. सिस्टर तुमची पत्रं वाचायच्या म्हणून तुम्हाला सवय असेल. मी कुठे सिस्टर आहे?

भावजय

*

१३ सप्टेंबर

वहिनी,

आज सकाळी खाली गेले आणि त्या शिंप्याला असं काही बोलले की त्याने सुई बोटात टोचून घेतली. मग त्याची माफी मागितली.

पडले. खरं आहे. महापालिकेच्या माणसांनी रस्ता खोदला, पाइप घातले आणि तो खालचा खालीच ठेवून निघून गेले. तेव्हापासून ती पायरी अशी लटकते आहे. तक्रार केली. साहेब म्हणाला, रस्ता आमचा, पायरी तुमची. इमारतीतले म्हणतात, पायरी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. मी एक दगड आणून ठेवला, तो कुणीतरी आपल्या गाडीच्या चाकाला लावायला नेला.

त्या दिवशी हातात भाजीची पिशवी होती. पाय चुकला आणि खाली बसले. लागलं फार नाही. पण उठता येईना, वहिनी. हात टेकून पाहिलं, कुशीवर वळून पाहिलं. दुपार होती, शिंपी जेवायला गेलेला. मी खात्यात शंभर मुलींवर हुकूम चालवला, आणि माझ्याच दारात भाजीच्या शेजारी भाजीसारखी पडून राहिले. मास्तरणीने विचारलं, काय जमेनासं झालंय, तेव्हा मी म्हटलं, ‘जमिनीवरून उठणं.’ ते आता जमतं. ती पायरी नाही जमत. तिच्यासाठी शिंपी लागतो.

तुला लिहिलं असतं तर ते बाळाला कळलं असतं, आणि मीही कुणाच्या तरी खुर्चीत बसले असते. म्हणून वरची पायरी मोजली. सगळ्या सारख्या आहेत असं लिहिलं; वाटलं, त्या एकीला शिंपी हात देईलच. माझ्या एका खोट्यापायी तुझे दोन महिने वाया गेले, आणि तू माझ्या पायाशी येऊन परत गेलीस.

सोबत दुसरा दोरा आहे. हा खालचा. मोजायला वाकले तेव्हा शिंप्याने दुसरं टोक धरलं. मास्तरणीने मला खोक्यावर खोकं लावून दिलं आहे. चढताना आधाराला तिला धरायचं नाही असं तिने मला बजावलंय. मी रोज त्या खोक्यांना शिव्या देते.

पेटी माळ्यावर आहे म्हणतेस. सुनेला मागून बघ. ती हसली होती, हे मी विसरलेले नाही.

नणंद

*

२० ऑक्टोबर

वन्सं,

पेटी सुनेने काढून दिली. वर लाकडी पाट खिळ्यांनी ठोकून दिला, दोऱ्याला लावून लावून. बाळाला म्हणाली, ‘तुमच्या आईंना खुर्चीत बघून मला माझं पुढचं दिसतं.’

उंच पेटीवर दोन आठवडे नुसता पाय ठेवून उभी राहिले. परवा चढले. एकदाच. मग पलंगावर पडून छताकडे बघत हसत राहिले.

बाळ एकदा आणखी पाहू म्हणतो. यावेळी तो स्वतः गाडी चालवणार आणि गाडीतच बसून राहणार. दोन नोव्हेंबर, सकाळी. पुन्हा नाही जमलं तर यापुढे पत्रच लिहायची, हे मीच त्याला सांगून ठेवलंय. माणसाला रोज रोज वाट पाहायला लावू नये.

तुम्ही कठड्याशी येऊ नका. खाली तर नकोच. तुमचा हात धरून एकदा चढले की कायम तुमचा हात लागेल, मग मी बाळाकडेच बरी. दार उघडं ठेवा, म्हणजे झालं.

भावजय

*

२ नोव्हेंबर, सकाळ

वहिनी,

हे पत्र टपालात टाकायची वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे. हाताला काहीतरी काम हवं, नाहीतर पाय कठड्याकडे जातील.

दार उघडं आहे. मी स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून. चादर घातली आहे. आधण अजून ठेवलं नाही, यावेळी तू आल्यावरच.

तुला एक सांगायचं राहिलं. मंगळवारी मी ती पायरी शिंप्याशिवाय चढले. त्याने सवयीने हात पुढे केला, मी म्हटलं, ‘ठेव खिशात.’ वर येऊन हे कुणाला सांगावं म्हणून घरभर फिरले. मग तुझ्या खोलीत जाऊन भिंतीला सांगितलं.

गाडी थांबली. तिचं दार वाजलं. बाळाचा आवाज नाही. बरोबर, गाडीत बसायचं ठरलंय.

शिंप्याचं मशीन थांबलं. म्हणजे तू पायरीशी आहेस.

अजून बंदच आहे.

मी खुर्चीचे हात धरून बसले आहे आणि मध्येच एखादी ओळ लिहिते आहे. अक्षर बघून सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारली असती.

मशीन पुन्हा सुरू झालं. मागच्या वेळीही ते असंच सुरू झालं असेल, तू शटरच्या आत बसलीस त्यानंतर. मला वर कळलंच नव्हतं.

गाडीचं दार पुन्हा वाजेल का, ते ऐकते आहे.

नाही वाजलं.

काठी. पहिल्या वळणावर काठी वाजली, वहिनी. शेजारणीची काठी नाही, तिला काठी नाही. आता थांबलीस. धाप लागली असेल. थांब. हवी तेवढी थांब, मला कसलीही घाई नाही. पुन्हा वाजली. आता दाराबाहेरच. मी उठणार नाही, वळूनही पाहणार नाही, फक्त…